जे-के-टी-डब्ल्यू-जे म्हणजे राजूर

"फाईल उघडत नाहीये, जरा बघ ना." सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला नातेवाइकांकडून आयुष्यभर ऐकावं लागणारं हे वाक्य. आपण जावा लिहितो, टेस्टिंग करतो की नुसत्या मीटिंगा घेतो, याच्याशी समोरच्याला काही देणंघेणं नसतं. कॉम्प्युटरवाला म्हणजे कॉम्प्युटरवाला. तर मंडळी, या शनिवारचा विषय तोच, पण त्यातली एक खास मराठी जात. अशी फाईल, जी डबल क्लिक केल्यावर निमूटपणे उघडते, एरर वगैरे काही देत नाही, आणि आत मात्र एक अक्षर वाचता येत नाही.

न वाचता येण्यातही प्रकार असतात, आणि ते ओळखता आले पाहिजेत, कारण त्यावरून पेशंट वाचणार की नाही ते कळतं. नुसते चौकोन दिसत असले तर निर्धास्त राहा. मजकूर ठणठणीत आहे, फक्त फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असल्या, तर बहुतेक वेळा खेळ संपलेला असतो. कुणीतरी देवनागरी मजकूर 'आन्सी'मध्ये सेव्ह केला, त्या कोष्टकात मराठीला जागाच नव्हती, आणि प्रोग्रॅमने प्रत्येक अक्षराच्या जागी एकच प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. आता सगळी प्रश्नचिन्हं सारखी, मग कुठलं 'क'चं आणि कुठलं 'म'चं हे कोण सांगणार? तिसरा प्रकार ऑफिसातल्या लोकांच्या रोजच्या ओळखीचा: मराठी नावांची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की डोक्यावर तिरका फराटा असलेला ए, मग चार पाय फुटलेलं वर्तुळ किंवा येनची खूण, मग आणखी काहीतरी, की पुन्हा तोच फराटेवाला ए. दर तिसऱ्या घरात तोच दिसला की समजायचं, हे शुद्ध यूटीएफ-८ आहे. त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं आणि पहिला बाइट कायम २२४ असतो. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. फाईल थेट न उघडता डेटा इम्पोर्टमधून घ्या, एन्कोडिंगमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, काम झालं.

आणि चौथा प्रकार. यात सगळी अक्षरं साधी इंग्रजी असतात. मध्येमध्ये अर्धविराम, कंस, टिंबं. एखाद्याने की-बोर्डवर मांजर सोडावं तसा मजकूर. हा आजार घरचा आहे, आणि त्याला चांगला चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

गंमत अशी की सुरुवात अगदी बरोबर झाली होती. आयआयटी कानपूरमध्ये १९८३ च्या सुमारास देवनागरीत चालणारा संगणक तयार झाला. तिथल्या कामातूनच 'जिस्ट' नावाचं तंत्रज्ञान पुढे आलं. मोहन तांबे हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्टचा गट तिकडे आला. सी-डॅक म्हटलं की आपल्याला 'परम' महासंगणक आठवतो, पण माझ्या मते सामान्य माणसाच्या आयुष्याला जास्त लागून गेलं ते जिस्ट. पीसीच्या आत एक कार्ड बसवायचं, की डॉसवरचा वर्डस्टार किंवा डीबेस मराठी दाखवायला लागे. त्या प्रोग्रॅमना बिचाऱ्यांना आपण मराठी बोलतोय हे माहीतही नसे.

त्यामागचं कोष्टक म्हणजे 'इस्की'. १९८८ ची आवृत्ती, आणि मग १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १३१९४. बाइटमध्ये २५६ घरं असतात. खालची १२८ घरं इंग्रजीला जशी होती तशी ठेवली, वरच्या अर्ध्यात भारतीय अक्षरं बसवली. 'क' १७९ क्रमांकावर. आणि नुसता मराठी 'क' नव्हे, तर बंगालीचा, तेलुगूचा, गुजरातीचा, सगळ्यांचा 'क' १७९ वरच. म्हणजे साठवायचं ते अक्षराचं चित्र नाही, अक्षर स्वतः. जोडाक्षर कसं दिसेल, वेलांटी कुठे बसेल, रफार कुठे चढेल हा दाखवणाऱ्याचा प्रश्न. फाईलमध्ये फक्त 'र, हलन्त, म' एवढंच. व्याकरण शिकवणाऱ्या बाईंना आवडलं असतं असं हे डिझाइन.

मग बिघडलं कुठे? विंडोज आलं.

१९९२ चं विंडोज ३.१ ट्रूटाइप फॉन्ट घेऊन आलं. पडद्यावर दिसेल तसं छापून येऊ लागलं. पेजमेकर होतंच. गल्लोगल्ली 'डीटीपी' अशी पाटी लागली. लग्नपत्रिका, पंचायतीचे अहवाल, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं, सगळं खिळ्यांवरून कॉम्प्युटरवर येऊ लागलं. पण विंडोजला स्वतःला मराठी येत नव्हतं. जोडाक्षर जुळवणं, वेलांटी मागे नेणं यातलं काही त्याला जमत नसे. ते एका घरातलं चित्र उचलून पडद्यावर ठेवी, बस्स. मग लोकांनी सरळ मार्ग काढला. फॉन्टमध्ये जिथे इंग्रजी 'डी'चं चित्र असतं तिथे 'क'चं चित्र ठेवून द्यायचं. विंडोजला वाटतं आपण 'डी' दाखवतोय. वाचणाऱ्याला दिसतो 'क'. थोडक्यात, फाईलमध्ये मराठी नसतेच. असतात इंग्रजी अक्षरं, मराठी सोंग घेतलेली. फॉन्ट काढला की सोंग उतरतं.

हा उपाय वाईट नव्हता. त्या वेळी दुसरा उपायच नव्हता. पण 'क' कुठल्या घरात ठेवायचा यावर कुणाचंही एकमत नव्हतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, सी-डॅकचे स्वतःचे डीव्ही-टीटी सुरेख, योगेश वगैरे, फुकट मिळणारे शिवाजी आणि किरण, आणि उत्तरेतून आलेला कृतिदेव. प्रत्येकाचं कोष्टक वेगळं. (सी-डॅककडे इस्की होतं, तरी फॉन्टसाठी 'इस्फॉक' नावाचं दुसरं कोष्टक करावं लागलं, यावरून काय ते समजा.) कंपन्यांना सरसकट दोष द्यावा असं मला वाटत नाही. फॉन्ट बनवणं हे कष्टाचं काम, चोरी प्रचंड, म्हणून तर ही सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय चालत नसत. पण आपलं कोष्टक दुसऱ्याशी जुळत नाही ही गोष्ट धंद्याला सोयीची होती, हेही तितकंच खरं. एकदा ऑफिसचे दहा हजार कागद एका फॉन्टमध्ये टाइप झाले की ते ऑफिस कुठे जाणार?

कृतिदेवची मांडणी तर त्याहून जुन्या यंत्राकडून आलेली, टाइपरायटरकडून. भारतात गोदरेजने १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली. रेमिंग्टन पद्धतीचा मराठी की-बोर्ड हजारो मुलामुलींनी टायपिंग क्लासात घोटलेला होता. यंत्रावर कळा मोजक्या, देवनागरीची अक्षरं भरपूर. म्हणून अर्धं अक्षर एका कळेवर आणि उभी रेघ, म्हणजे काना, दुसऱ्या कळेवर. अर्धा ण आणि काना मिळून ण. अर्धा श आणि काना मिळून श. वेलांटी कागदावर आधी उमटते म्हणून टाइपही आधीच करायची, रफार शेवटी. मराठी मुद्रणातही खिळे तुकड्या-तुकड्यांनी जुळवायची पद्धत होतीच. तेच सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरच्या फाईलमध्ये उतरलं. यंत्र गेलं, त्याची सवय राहिली.

आता राजूरकडे येतो. अकोले तालुक्यातलं राजूर नव्हे, जालना जिल्ह्यातलं गणपतीचं राजूरही नव्हे, आणि चंद्रपूरचा राजुरा तर नव्हेच. हे यवतमाळ जिल्ह्यातलं, वणी तालुक्यातलं राजूर. कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या यांचं गाव. वणीच्या भागात निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे: खाली कोळसा, आणि जवळच चुनखडी. चुनखडी भाजायला कोळसा लागतो, दोन्ही हाताशी, म्हणून भट्ट्या. कोळसा खाणींचं १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली आणि या पट्ट्यातल्या खाणी तिच्याकडे आल्या. अशा गावाबद्दल सरकारी कागदांत टनांचे आकडे सापडतात, माणसं सापडत नाहीत. त्यातून इंग्रजांच्या काळातलं काही शोधायचं तर जिल्ह्याचं नावच वेगळं. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्याच नावाने, म्हणजे इंग्रजी उच्चारात 'वून', ओळखला जाई. 'यवतमाळ' टाकून शोधत बसलात तर बसा.

माझा एक मित्र या राजूरचा. त्याचे वडील खाणीच्या ऑफिसात होते. निवृत्तीनंतर त्यांनी गावाच्या आठवणी वहीत लिहून काढल्या, आणि १९९९ मध्ये वणीच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तिका छापायची होती. ती राहिली. २००६ मध्ये वडील गेले. वहीला वाळवी लागली. उरली एक फ्लॉपी, आणि तिच्यातली फाईल मित्राने वेळीच हार्डडिस्कवर घेतली होती म्हणून ती उरली. नाहीतर दीड एमबीचा तो चुंबकीय कागद इतकी वर्षं टिकण्याची खात्री कुणी दिली नसती. (सोनीने तर २०११ मध्ये फ्लॉपी विकणंच बंद केलं.) दीडशे केबीची फाईल, उघडली की मांजराचं टायपिंग. मित्राने श्रीलिपी लावून पाहिली, शिवाजी लावून पाहिला. दर वेळी नवीन प्रकारचा कचरा. शेवटी 'करप्ट आहे' असं म्हणून त्याने ती बाजूला ठेवली होती.

वर्डची फाईल असती तर काम पाच मिनिटांचं होतं. वर्ड आपल्या पोटात फॉन्टचं नाव लिहून ठेवतं. फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी वरच्या खिडकीत नाव दिसतं. पण ही होती साधी टेक्स्ट फाईल. फ्लॉपीवर जागा वाचावी म्हणून असेल किंवा त्या मुलाची सवय असेल, 'टेक्स्ट'मध्ये सेव्ह झालेली. टेक्स्ट फाईलमध्ये फक्त अक्षरं राहतात, फॉन्टचं नाव गळून पडतं. सोंग उतरलं आणि सोंगाचं नावही गेलं.

मग हेरगिरीच्या गोष्टींत करतात तेच करायचं. गुप्त मजकुरात असा शब्द शोधायचा जो असलाच पाहिजे. मराठीत तो शब्द कुठला हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको: 'आहे'. आपली निम्मी वाक्यं आहेवर बसतात. फाईलमधले शब्द मोजले तर परिच्छेदामागून परिच्छेदात चार अक्षरांचा एक शब्द येत होता: व्ही, के, जी, एस. कृतिदेवमध्ये व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना, जी म्हणजे ह, एस म्हणजे मात्रा. आहे! पुढचा 'नाही': यू, के, जी, एच. आणि मग गावाचं नाव. पाच अक्षरं, पहिलं आणि शेवटचं सारखं, कारण राजूर र-ने सुरू होतं आणि र-वरच संपतं, दुसरं अक्षर काना म्हणजे के. सर्च दिला. जे, के, टी, डब्ल्यू, जे. पानोपानी.

एकदा कुलूप कळलं की बाकीचं मजेचं असतं. चुना म्हणजे पी-क्यू-यू-के. वणी म्हणजे ओ, टिंब, के, एच. म्हणजे मध्येच पूर्णविराम असलेलं गाव, आणि पूर्णविरामावर वाक्य तोडणारा कुठलाही प्रोग्रॅम वणीचे दोन तुकडे करणार. खाण म्हणजे चौकोनी कंस, के, के, टिंब, के. वर्डमध्ये कृतिदेव टाइप करणाऱ्यांचे काय हाल होत असतील कल्पना करा. इंग्रजीचं अवतरणचिन्ह म्हणजे इथे अर्धा श. ते वर्ड आपणहून गोलाकार करून देतं, आणि गोलाकार चिन्हाच्या घरात अर्धा श नसतो. टिंबानंतरचं अक्षर कॅपिटल करायची हौस निराळीच. जुने ऑपरेटर वर्ड उघडलं की आधी ऑटोकरेक्ट बंद करत, ते यासाठी.

कृतिदेव ते युनिकोड कन्व्हर्टर आता नेटवर ढिगाने मिळतात. फाईल त्यातून काढली आणि नव्वद टक्के मजकूर धडाधडा वाचता आला. उरलेल्या दहा टक्क्यांत मात्र विचित्र गोष्टी होत्या. '५ल्हाद' नावाचा माणूस. '५काश'. '५त्येक'. 'अन्न' हवं तिथे नुसता 'ऑ'. 'सह्या' हवं तिथे स, मग मोकळी जागा, मग अधांतरी लोंबणारा काना. कन्व्हर्टर चुकतोय असं वाटेल, पण चुका इतक्या शिस्तीत होत नाहीत. प्रत्येक 'प्र'चा न चुकता '५' झालेला.

याचं उत्तर सेव्ह करतानाच्या एका पर्यायात निघालं. त्या काळच्या वर्डमध्ये टेक्स्टचे दोन प्रकार असत: साधं टेक्स्ट आणि 'एमएस-डॉस टेक्स्ट'. वरच्या १२८ घरांची मांडणी विंडोजची वेगळी आणि डॉसची वेगळी. कृतिदेवचा 'प्र' विंडोजच्या २३१ व्या घरात राहतो, तिथे खालून शेपूट फुटलेला फ्रेंच सी असतो. डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या कोष्टकात तोच फ्रेंच सी १३५ व्या घरात. वर्डने प्रामाणिकपणे २३१ चा १३५ केला. पुन्हा विंडोजमध्ये उघडल्यावर १३५ म्हणजे दुहेरी खंजिराची खूण, आणि त्या घरात कृतिदेवने ठेवलाय ५. 'ह्य' २२५ वरून १६० वर गेला, आणि विंडोजमध्ये १६० म्हणजे न दिसणारी मोकळी जागा. 'न्न' २३३ वरून १३० वर, तिथे कृतिदेवचा 'ऑ'वरचा चंद्र. सोंगावर दुसरं सोंग चढलेलं. आकडे साध्या अंकांच्या कळांनी टाइप केलेले होते, म्हणून मजकुरातला प्रत्येक ५ हा 'प्र'च हे ठरवता आलं. उलटं कोष्टक लावणारी वीस ओळींची पायथन स्क्रिप्ट, आणि प्रल्हाद परत आले.

आत काय होतं? इतिहासाचं पुस्तक म्हणाल तर नाही. भट्टीत चुनखडी आणि कोळसा यांचे थर कसे लावायचे, कळीचा चुना निघाला की पाणी मारून त्याची फक्की कशी करायची, पावसाळ्यात झाकून ठेवायची तारांबळ, हाताची कातडी कशी फाटायची. खाणीच्या पाळीचा भोंगा. कोण कुठल्या गावाहून कामाला आलं, कुणाच्या घरी कुठली भाषा बोलत. आणि नावं. पाच-सहा पानं नुसती नावं, भट्टीवर काम केलेल्या बायांची आणि बाप्यांची. मस्टर असेल कुठे तर असेल, पण पुस्तकात ही नावं येणार नव्हती. मित्र ती पानं वाचताना काही बोलला नाही. मी चहा करायला उठलो.

अशा किती फाईली असतील? १९९० ते २००५ या पंधरा वर्षांत मराठीत जे टाइप झालं ते जवळपास सगळं अशाच कुठल्या ना कुठल्या सोंगात आहे. वेबवरही तेच. दोन हजार सालाच्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साइट उघडल्या की आधी 'फॉन्ट डाउनलोड करा' अशी पाटी दिसे, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. मग डायनॅमिक फॉन्ट आले. ते इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत, बाकी ब्राउझरवाल्यांनी नशिबाला दोष द्यायचा. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाचं एक्स्टेन्शन होतं, ते अशी पानं युनिकोडमध्ये बदलून दाखवी. अनेकांचा त्या काळी तोच आधार होता. गूगलला मात्र त्या बातम्या मराठी आहेत हे कधी कळलंच नाही. आज इंटरनेट अर्काइव्हवर त्यातली जुनी पानं सापडतात. उघडतात. वाचता येत नाहीत.

युनिकोड १९९१ मध्येच आलेलं होतं, आणि त्यातला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच घेतला आहे. आपलंच पीक अमेरिकेहून पॅक होऊन परत आलं म्हणा. 'क'ला तिथे २३२५ हा क्रमांक मिळाला. पण तक्ता असून भागत नाही, दाखवणारा लागतो. २००० साली विंडोज २००० आलं तेव्हा कुठे विंडोजला देवनागरी जुळवता आली, सोबत मंगल हा फॉन्ट. तो र. कृ. जोशींनी केला. मराठी कवी, सुलेखनकार, जे.जे.तले शिक्षक. जगभरच्या विंडोजमध्ये वर्षानुवर्षं मराठी-हिंदी ज्या अक्षरांत वाचली गेली ती एका मराठी कवीच्या हाताची होती, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. २००८ मध्ये ते गेले. एक्सपीमध्ये तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'वर टिक करावी लागे आणि मग ते एक्सपीची सीडी मागे. सीडी कुणाकडे असायची? असो.

सरकारनेही २००५ पासून भारतीय भाषांच्या फॉन्टच्या मोफत सीडी काढल्या, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्राने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे मानक ठरवलं.

युनिकोड आलं म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. मराठीचे दोन काटे त्यातही आहेत. एक म्हणजे 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला डोळ्याच्या पापणीसारखा र. तो दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला एकच. पण एका पद्धतीने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या पद्धतीने सर्च केला तर सापडेलच असं नाही. दुसरा काटा 'ॲ'. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं, आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ते वर्णमालेत घेतलं. त्याआधीच्या फायलींत लोकांनी अ वर चंद्र चढवून काम भागवलेलं आहे. डेटाबेसमध्ये 'ॲड.' लावलेले वकील दोन गटांत विभागलेले सापडले तर कारण हे.

आणि आजही प्रश्न मिटलेला नाही, तो पीडीएफमध्ये जाऊन बसलाय. पीडीएफ म्हणजे मुळात कागदाचं चित्र. कुठलं चित्र कुठे ठेवायचं एवढं त्यात असतं. त्या चित्राचं अक्षर कुठलं हे सांगणारं कोष्टक सोबत असलं तर ठीक. जुन्या फॉन्टमधून बनवलेल्या पीडीएफमध्ये ते नसतं किंवा चुकीचं असतं. डोळ्यांना सुंदर मराठी, कॉपी-पेस्ट केलं की मांजर. अशा वेळी सरळ ओसीआर करणं बरं पडतं, आधी चित्र आणि मग अक्षर.

मोडीवाले हे वाचून हसत असतील. त्यांच्याकडे तर कागद समोर आहे, शाई शाबूत आहे, भाषा मराठी आहे, तरी फाईल 'उघडत नाही', कारण वाचणारा नाही. पेशवे दफ्तरातल्या रुमालांचं तेच आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांना एकदम कळली. एका जुन्या नोंदीवर नातवाचा दाखला अडतो, इतकं ते प्रकरण साधं आहे. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत. आणि मोडीच्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, म्हणजे राजूर की राजुर हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. कॉम्प्युटरसाठी मात्र हे दोन वेगळे शब्द.

तुमच्याही घरी अशी फाईल असेल तर मूळ प्रतीला हात लावू नका. कॉपीवर काय ते प्रयोग करा. वर्डची असेल तर आधी फॉन्टचं नाव कागदावर टिपून ठेवा. पेजमेकरची असेल तर घाई करा: पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, तिच्या फायली इनडिझाइन सीएस ६ पर्यंत उघडत, नंतरच्या आवृत्त्यांनी ते दार बंद केलं. जुन्या डीटीपीवाल्याकडे माळ्यावर एखादं एक्सपी मशीन अजून असतं. ते भंगारात जायच्या आत गाठा. आणि कन्व्हर्टरमधून मजकूर काढल्यावर तो माणसाने वाचलाच पाहिजे, विशेषतः आडनावं. साधे शब्द संदर्भाने कळतात, नावांना संदर्भ नसतो.

राजूरच्या फाईलमधलं एक नाव अजून लागलेलं नाही. डॉसच्या कोष्टकात जी अक्षरं मुळात नव्हतीच, त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह आलं आहे, आणि कृतिदेवमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे अर्धा घ. त्यामुळे भट्टीवरच्या एका बाईंचं नाव सध्या अर्ध्या घ-ने सुरू होतं. मित्राची आई दिवाळीला पुण्याला यायची आहे, तेव्हा काकूंना विचारायचं ठरलंय.